जुन्या तळ्यात नवे मासे

आमच्या फुलंब्री भागातला एक शेतकरी. माझा जुना विद्यार्थी. त्याने एक शेळी विकली आणि त्या पैशांत माशांचे बी आणले. ते शेतातल्या तळ्यात सोडले. दिवाळीनंतर जाळे टाकले. जाळ्यात काय आले? चार मोठ्या मरळी आणि टोपलीभर चिलापी. रोहू एकही नाही!

तो माझ्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, बी खोटे निघाले."

मी विचारले, "बी सोडण्याआधी तळे कधी आटले होते का?"

"नाही. दोन वर्षे पाणी आहे."

"अरे बाबा, मग बी चांगलेच होते. तू मरळींना पंगत वाढलीस."

मरळ ही शिकारी मासळी आहे. ती लहान मासे गिळते. आपल्या पिल्लांना मात्र फार जपते. लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर दिसला की खाली आई-बाप राखणीला आहेत असे समजा. तळे आटले तरी ती ओल्या चिखलात तग धरते, कारण ती वरची हवाही घेते. म्हणून तिला वाईट म्हणू नका. बाजारात तिला भाव चांगला आहे. पण बारक्या रोहूंबरोबर तिचे जमायचे नाही.

चिलापीची तऱ्हा वेगळी. ही मूळची आफ्रिकेतली. १९५२ साली ती भारतात आणली. नर तळाशी खड्डा करतो आणि जवळ येईल त्याला हाकलतो. मादी अंडी तोंडात सांभाळते. वर्षातून अनेकदा वीण होते. मग नव्या माशांना खायला काय उरणार?

शहरात लोक काचेच्या पेटीत रंगीत मासे पाळतात. तेथेही जुना मासा नव्याला टोचून बेजार करतो. तेव्हा पेटीतले दगड हलवतात. जागा ओळखीची राहिली नाही की जुन्याचा तोरा उतरतो. पण तळ्यातले दगड कोण हलवणार? तेथे जुने मासे आधी काढलेच पाहिजेत.

हे काम उन्हाळ्यात करा. तळे उपसता आले तर उत्तम. भेगा पडेपर्यंत वाळू द्या. उपसणे जमत नसेल तर मोहाची पेंड वापरतात. तळे १० गुंठे आणि पाणी गुडघाभर, म्हणजे अर्धा मीटर, असेल तर सुमारे १२५ किलो पेंड लागते. ती रात्रभर भिजवून पाण्यात पसरावी. काही तासांत मासे वर येतात. ते खाता येतात. मात्र पिण्याच्या पाण्यात ही पेंड कधीही टाकू नये. गुरांनाही ते पाणी पाजू नये. तीन आठवड्यांनी विष उतरते, आणि पेंडीचे खत होते.

पावसाचे पाणी जेथून आत येते तेथे बारीक जाळी बांधा. नाहीतर ओढ्यातले शिकारी मासे पुन्हा आत येतील.

आता बी कसे घ्यावे? अगदी बारीक पिल्लांना मत्स्यजिरे म्हणतात. ती जिऱ्याएवढी दिसतात. ती तळ्यात सोडू नका. बोटभर लांब झालेली बोटुकली घ्या. १० गुंठ्यांना ५०० पुरे. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तिघांचे भांडण होत नाही. पूर्वी बी नदीतून धरत. त्यात शिकारी माशांची पिल्लेही येत. १९५७ साली हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञांनी ओडिशात माशांना सुई टोचून अंडी घालायला लावली. पुढे निवडक बी मिळू लागले. आपल्या जिल्ह्यात पैठणला जायकवाडी धरणाजवळ मत्स्यबीज केंद्र आहे.

बोटुकली सकाळी किंवा संध्याकाळी सोडा. पिशवी न फोडता १५-२० मिनिटे तळ्यात तरंगत ठेवा. मग तोंड सोडून थोडे थोडे तळ्याचे पाणी आत घ्या. पिशवी आडवी धरा. पिल्ले आपणहून बाहेर पडतील. वरून ओतू नका.

माझ्या विद्यार्थ्याने यंदा मे महिन्यात तळे उपसले. चिखलातून आणखी सहा मरळी निघाल्या. त्या विकून त्याने बोटुकली आणली. आता तो रोज संध्याकाळी कोंडा आणि पेंड घेऊन बांधावर बसतो. पाण्यावर तरंग उठतात, असे सांगतो. जाळे अजून टाकलेले नाही.