‘आमच्याकडेही असंच होतं!’

रात्रीचे साडेअकरा. आठ वर्षांच्या मुलाला दरदरून घाम फुटला आहे, हात थरथरत आहेत. आई ग्लुकोमीटरवर साखर तपासते. आकडा येतो ५८. रुग्णालयात शिकवल्याप्रमाणे ती साखरेचे पाणी पाजते आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासते. साखर वर येते, मूल झोपते. आईला मात्र झोप लागत नाही. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या पालकांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. त्यावर ती लिहिते, ‘आज क्रिकेट जास्त झालं. खेळणं बंदच करू का?’ थोड्याच वेळात उत्तर येते, ‘ताई, बंद नका करू. आमच्याकडेही असंच व्हायचं. खेळायला जाण्याआधी साखर बघायची, काय खायला द्यायचं, हे डॉक्टरांनी लिहून दिलं. तुम्हीही उद्या विचारून घ्या.’

टाइप १ मधुमेहाचे मूल असलेल्या घरांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. मग रोज इन्सुलिन टोचणे, साखर तपासणे, खाण्याखेळण्याचा मेळ घालणे हे कायमचेच होते. गावात असे मूल बहुधा एकटेच असते. ‘गोड जास्त दिलं असेल’ असे टोमणे आईला ऐकावे लागतात. डॉक्टर उपचार सांगतात, पण भरलेल्या ओपीडीत प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटेच येतात. ‘आपल्यासारखं आणखी कुणी आहे का?’ हा प्रश्न मनातच राहतो. त्याचे उत्तर ग्रुपवर मिळते.

हे उत्तर केवळ मनाच्या समाधानापुरते नसते. माणसांशी असलेले नाते आणि आयुष्यमान यांचा संबंध तपासणाऱ्या १४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती होती. ज्यांचे सामाजिक संबंध घट्ट होते, त्यांची त्या काळात हयात राहण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा जाणवतो. दीर्घ आजारात तो अधिकच बोचतो, कारण घर माणसांनी भरलेले असले तरी आपले दुखणे कळणारे त्यात कुणी नसते.

आजार जितका दुर्मीळ, तितकी ही पोकळी मोठी. अमेरिकेतील एक उदाहरण बोलके आहे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या भिंतीत अचानक चीर पडते किंवा तिच्या थरांमध्ये रक्त साचते, रक्ताचा मार्ग अडतो आणि हृदयविकाराचा झटका येतो. या विकाराला ‘स्कॅड’ म्हणतात. तो प्रामुख्याने स्त्रियांमध्ये दिसतो. त्यांतील अनेकींना ना मधुमेह असतो ना धूम्रपानाची सवय, काही जणी तर नुकत्याच बाळंत झालेल्या असतात. एखाद्या हृदयरोगतज्ज्ञाला असे रुग्ण क्वचितच भेटत, त्यामुळे त्यावर मोठा अभ्यास झालेला नव्हता. हृदयरोगातून वाचलेल्या स्त्रियांच्या एका ऑनलाइन समूहात मात्र देशोदेशीच्या अशा रुग्ण एकमेकींना सापडल्या. त्यांच्यापैकी एकीने २००९ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉ. शॅरॉन हेज यांना गाठून सांगितले, ‘रुग्ण आमच्याकडे आहेत, तुम्ही संशोधन करा.’ सुरुवातीला फक्त बारा जणींच्या छोट्या अभ्यासाला परवानगी मिळाली. आठवड्याच्या आत अठरा जणींनी तयारी दाखवली. २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुढे तिथल्या नोंदवहीत हजारांहून अधिक रुग्ण जमा झाले. प्रकृती स्थिर असेल तर यातील बहुतेक रुग्णांची धमनी स्टेंट न घालता भरून येते, हे आज डॉक्टरांना माहीत आहे. ते कळण्यात या स्त्रियांचा मोठा वाटा आहे.

करोनाकाळातही असेच घडले. संसर्ग जाऊन महिने उलटले तरी थकवा, धाप, विसराळूपणा जात नाही, अशी तक्रार करणाऱ्यांना ‘मनाचे खेळ आहेत’ असे ऐकावे लागत होते. २०२० च्या मे महिन्यात एका इटालियन पुरातत्त्व अभ्यासक महिलेने ट्विटरवर ‘लाँग कोव्हिड’ हा शब्द वापरला आणि तशाच अवस्थेतील असंख्य लोकांनी तो उचलला. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या अवस्थेची अधिकृत व्याख्या केली. आजाराचे हे नाव प्रयोगशाळेतून आले नाही, रुग्णांच्या आपसातील बोलण्यातून आले.

अशा ग्रुपवर बोललेच पाहिजे असेही नाही. नेदरलँड्समध्ये स्तनाचा कर्करोग, संधिवात आणि फायब्रोमायल्जिया या आजारांच्या ऑनलाइन गटांचा अभ्यास झाला. त्यात काहीही न लिहिता नुसते वाचणाऱ्या रुग्णांनाही आजाराबद्दलची समज आणि आत्मविश्वास वाढल्याचे जाणवले होते. माणसांशी जोडले गेल्याचे समाधान मात्र लिहित्या सदस्यांना अधिक मिळाले.

इथपर्यंतची बाजू जमेची. पण ‘माझ्यासारखं कुणी आहे का?’ आणि ‘माझ्यासाठी काय योग्य?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर ग्रुप देऊ शकतो, दुसऱ्याचे नाही. घोटाळा होतो तो इथेच. ‘आमच्या काकांची साखर या काढ्याने गेली, इन्सुलिन सुटलं’ असा निरोप ग्रुपवर येतो. काकांचा मधुमेह टाइप २ असतो, वाचणाऱ्या आईच्या मुलाचा टाइप १. हा फरक निरोपात नसतो. टाइप १ मध्ये इन्सुलिन थांबवले तर काही दिवसांतच, कधी त्याहूनही लवकर, रक्तात आम्ल साचू लागते. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, ग्लानी ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी मुलाला तातडीने रुग्णालयात नेले नाही, तर जिवावर बेतू शकते.

शिवाय ग्रुपवर बरे वाटलेले माणूस आवर्जून लिहिते. ज्याला त्या उपायाचा उपयोग झाला नाही, तो बहुधा गप्प राहतो. त्यामुळे दहा जणांनी ‘गुण आला’ म्हटले म्हणजे औषध सिद्ध झाले, असे होत नाही.

म्हणून ग्रुपमध्ये शिरताना काही गोष्टी पाहाव्यात. ग्रुप एका ठरावीक आजारापुरता आहे का? चुकीचा निरोप आल्यास ‘हे बरोबर नाही’ असे सांगणारा जबाबदार ॲडमिन आहे का? तिथे कुणी पावडर, काढे किंवा यंत्रे विकत तर नाही ना? रुग्णाचे रिपोर्ट आणि छायाचित्रे बाहेर जाणार नाहीत, याची काळजी घेतली जाते का? आणि मुख्य म्हणजे, औषध सुरू करणे, बंद करणे किंवा डोस बदलणे याबाबत ‘डॉक्टरांना विचारा’ असेच उत्तर मिळते का? वाचून मन हलके होण्याऐवजी धास्ती वाढत असेल, तर काही दिवस ग्रुप बंद ठेवण्यातही कमीपणा नाही.

जबाबदारी डॉक्टरांचीही आहे. ग्रुपवरचा उपाय करून पाहिल्याचे अनेक रुग्ण लपवतात, कारण ‘मग माझ्याकडे कशाला आलात?’ असे ऐकावे लागेल याची भीती असते. लपवलेला काढा डॉक्टरांच्या कागदावर कधीच येत नाही आणि नेमका तोच घात करतो. तपासताना ‘भूक कशी आहे, झोप कशी आहे’ हे विचारले जाते, तसेच ‘ग्रुपवर आहात का? तिथे काय वाचलंत?’ हेही रागावल्याशिवाय विचारायला हवे. त्याला अर्धा मिनिट लागतो. तेवढ्यात एखाद्या मुलाचे बंद होऊ घातलेले इन्सुलिन वाचू शकते.