ग्वातेमालातील वंशसंहाराचा खटला : कार्यवाही आणि निष्पत्ती

सामूहिक हत्याकांडाबद्दल चाललेल्या खटल्याचे मूल्यमापन करताना दोन प्रश्नांची गल्लत होण्याचा संभव असतो. पहिला प्रश्न, खटला न्याय्य रीतीने चालला काय, हा. आणि दुसरा, त्यातून सत्य व न्याय यांपैकी काय पदरात पडले, हा. या दोन प्रश्नांची उत्तरे एकच असतील असे नव्हे. मध्य अमेरिकेतील ग्वातेमाला या देशाचे माजी सत्ताधीश जनरल एफ्राइन रिओस मोंत यांच्यावरील खटला या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे.

प्रथम पूर्वपीठिका पाहू. ग्वातेमालात 1960 पासून 1996 पर्यंत अंतर्गत युद्ध चालू होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या साहाय्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने 1999 साली असा निष्कर्ष काढला की, या युद्धात दोन लक्षांहून अधिक माणसे मारली गेली वा नाहीशी झाली. ओळख पटलेल्या बळींपैकी 83 टक्के माया वंशाचे होते. आणि नोंदलेल्या अत्याचारांपैकी 93 टक्क्यांची जबाबदारी शासन व त्याचे सहायक यांच्यावर येते. 23 मार्च 1982 रोजी लष्करी उठावाने सत्तेवर आलेले रिओस मोंत ऑगस्ट 1983 मध्ये पदच्युत झाले. या सुमारे सतरा महिन्यांत किचे प्रांतातील नेबाख, चाखुल व कोत्साल या इशिल माया लोकांच्या मुलखात गावेच्या गावे जाळली गेली. पुढे अनेक वर्षे रिओस मोंत विधिमंडळाचे सदस्य होते व त्या पदाच्या संरक्षणामुळे त्यांच्यावर खटला भरणे शक्य नव्हते. ते संरक्षण जानेवारी 2012 मध्ये संपले आणि लागलीच आरोप ठेवण्यात आले. 1996 च्या समझोत्याच्या कायद्याने दिलेल्या माफीतून वंशसंहाराचा गुन्हा वगळलेला होता, ही गोष्ट येथे निर्णायक ठरली.

19 मार्च 2013 रोजी खटल्यास प्रारंभ झाला. न्यायाधीश यास्मिन बारिओस या तिघांच्या न्यायासनाच्या अध्यक्ष होत्या. इशिल भाषा बोलणाऱ्या अनेक वृद्ध स्त्रीपुरुषांनी दुभाष्यामार्फत साक्ष दिली. आपल्यावरील लैंगिक अत्याचार भर न्यायालयात सांगणाऱ्या स्त्रियाही त्यांत होत्या. सामूहिक दफनांच्या उत्खननातून निघालेल्या अस्थींचा न्यायवैद्यक पुरावा आणि लष्कराच्या मोहिमांचे आराखडे यांची त्यास जोड मिळाली. गावकऱ्यांच्या साक्षींनी काय घडले ते सिद्ध होत होते. परंतु ते कोणाच्या आज्ञेने व कोणत्या हेतूने घडले, हे आराखड्यांवरूनच ठरणार होते. वंशसंहाराच्या व्याख्येत एखादा मानवसमूह, समूह म्हणून, पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू अनिवार्य आहे. लढाई बंडखोरांविरुद्ध होती, वंशाविरुद्ध नव्हती, असा बचावाचा मुख्य युक्तिवाद होता. इशिल समाज हाच अंतर्गत शत्रू मानला गेला आणि मुलांनाही वगळले गेले नाही, या आधारावर न्यायालयाने तो अमान्य केला. 10 मे 2013 रोजी 1,771 इशिलांच्या हत्येबद्दल रिओस मोंत यांना वंशसंहारासाठी 50 व मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी 30 अशी 80 वर्षांची शिक्षा झाली. सहआरोपी, लष्करी गुप्तवार्ता विभागाचे तत्कालीन प्रमुख, निर्दोष ठरले. सरसकट दोषारोप न करता प्रत्येकाच्या अधिकाराचा वेगळा विचार झाला, याची ही खूण होय. माजी राष्ट्रप्रमुखास स्वदेशाच्याच न्यायालयाने येथे वंशसंहाराबद्दल दोषी ठरविले.

मात्र कार्यवाहीत एक उणीव राहिली होती. पहिल्याच दिवशी आरोपीने नवा वकील उभा केला. त्याने न्यायाधीशांशी असलेल्या वैयक्तिक संबंधांची सबब पुढे करून त्यांच्याविरुद्ध हरकत घेतली, आणि न्यायासनाने त्यालाच न्यायालयाबाहेर काढले. कालहरणाचा डाव ओळखून हे केले असे मानले, तरी निवडलेल्या वकिलाचा आरोपीचा हक्क त्याने दुखावला, हे नाकारता येत नाही. याच वादाच्या अनुषंगाने 20 मे 2013 रोजी संविधान-न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी 19 एप्रिलनंतरची सर्व कार्यवाही, शिक्षेसह, रद्द केली. बहुतेक साक्षी त्या तारखेपूर्वीच झालेल्या होत्या. परंतु निकाल देऊन चुकलेल्या न्यायाधीशांना पुन्हा बसता येईना. सबब नव्या न्यायासनापुढे आरंभापासून सुनावणी करणे भाग पडले. उणीव एका दिवसाची, उपाय मात्र अवघा खटला मोडणारा : दोष व परिहार यांत प्रमाण राहिले नाही, असेच म्हणावे लागेल.

जानेवारी 2015 मध्ये सुरू झालेली फेरसुनावणीही थांबली. कारण नव्या न्यायासनातील एका न्यायाधीशांनी पूर्वी वंशसंहाराविषयी प्रबंध लिहिला होता. विद्यापीठीय वाचकांनी याची विशेष नोंद घ्यावी. विषयाचा अभ्यास हाच पूर्वग्रह मानला, तर अज्ञान ही निःपक्षपाताची अट ठरेल. पुढे आरोपी मानसिक दृष्ट्या असमर्थ ठरल्याने शिक्षा देता येणार नाही अशी विशेष कार्यवाही ठरविण्यात आली, आणि 1 एप्रिल 2018 रोजी, ती पूर्ण होण्यापूर्वीच, ते 91 व्या वर्षी निवर्तले. सप्टेंबर 2018 मध्ये दुसऱ्या न्यायासनाने सहआरोपीस पुन्हा निर्दोष ठरविले. पण इशिलांचा वंशसंहार झाला होता, हा निष्कर्ष कायम राखला.

तेव्हा निष्पत्ती काय? गुन्हा सिद्ध झाला, गुन्हेगार मात्र कायद्याच्या दृष्टीने उरला नाही. निकाल रद्द झाला याचा अर्थ आरोपी निर्दोष ठरला असा नव्हे; तसेच पुरावा प्रबळ होता म्हणून कार्यवाहीतील दोष क्षम्य ठरतो, असेही नव्हे. किंबहुना आरोप जितका भीषण, तितकी आरोपीच्या हक्कांविषयी दक्षता अधिक हवी. कारण त्या दक्षतेतील लहानशी फटही पुढे प्रबळ पक्षाच्या हाती शस्त्र म्हणून सापडते. या फटीची किंमत न्यायाधीशांनी वा वकिलांनी मोजली नाही. तीस वर्षे थांबून एकदा बोललेल्या साक्षीदारांना तीच वेदना पुन्हा नव्याने सांगावी लागली, त्यांनी ती मोजली.