घूस आणि लव्हाळा : भातखाचरातले दोन चोर

शेतकरी बंधूंनो, या दोघांचेही बळ जमिनीखाली असते. घूस भाताचे फुटवे बुडाशी कुरतडते, पिकलेल्या लोंब्या बिळात साठवते. लव्हाळा आपला साठा गाठींत ठेवतो. वरचे पाते खुरपले तरी गाठ पुन्हा फुटते. म्हणून वरवरचा इलाज दोघांवरही चालत नाही.

उन्हाळ्यात खोल नांगरट करा. गाठी वर आल्या की उन्हात वाळतील. उरलेल्या वेचून काढा. बांध अरुंद ठेवा, त्यावरचे गवत काढा, म्हणजे घुशीला आसरा राहणार नाही. भात पोटरीवर येण्यापूर्वीच बिळे खणा. मात्र शेजाऱ्यांना बरोबर घ्या. एकट्याने हाकललेली घूस शेजारच्या बांधात शिरते आणि पुन्हा तुमच्याच खाचरात येते, बरं का!