निळे तोंड आणि एकमार्गी दुभाषी

जुन्या गोष्टींना निरोप देण्याच्या कामी आम्ही नगरकर जरा सावकाशच असतो. 2024 साली जिल्ह्याचे नाव सरकारदप्तरी अहिल्यानगर असे दाखल झाले, पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. परंतु पुण्याहून एसटीत बसणारा उतारू कंडक्टरकडे पूर्वी जसे ‘एक नगर’ मागत असे तसेच तो आजही मागतो, आणि कंडक्टरलाही त्यात काही वावगे वाटत नाही. तेव्हा माझ्या सावेडीच्या घरात, पुस्तकांच्या कपाटावर, आईच्या जुन्या नऊवारीच्या तुकड्याखाली एक 17 इंची चौकोनी मॉनिटर वर्षानुवर्षे जपून ठेवलेला असला, तर त्यात नवल करण्याजोगे काही नव्हते. नवल वाटले ते मागच्या दिवाळीत. पुण्यास नोकरीला असलेल्या पुतण्याने मला नवा लॅपटॉप घेऊन दिला, त्याच्या पडद्यावरील अक्षरे मोतीबिंदू काढलेल्या माझ्या डोळ्यांना बारीक वाटू लागली, आणि कपाटावरच्या त्या वृद्ध मॉनिटरची आठवण होऊन मी या दोघांची गाठ घालून देण्यास बसलो, तेव्हा.

मॉनिटरच्या पाठीला एक निळे तोंड होते. पाच-पाच छिद्रांच्या तीन ओळी, दोन्ही बाजूंस स्क्रू पिळण्याची सोय, आणि आकार असा की वरची बाजू रुंद व खालची अरुंद, म्हणजे केबल उलटी लावू म्हटले तरी लागू नये. लॅपटॉप मात्र शाळेच्या पाटीएवढा सडपातळ. त्याच्या एका कडेला एचडीएमआयची चपटी फट आणि दुसऱ्या कडेला, ज्याला आता सगळेच ‘टाइप-सी’ म्हणतात ते, दोन लंबगोल छिद्रे. निळ्या तोंडाचा त्याच्या अंगावर कोठेही मागमूस नव्हता. मी बाजारात गेलो, एका दुकानात ‘व्हीजीए आणि एचडीएमआय जोडायचे कन्व्हर्टर द्या’ म्हणून सांगितले, आणि दुकानदाराने काढून दिलेली वस्तू विश्वासाने घरी आणली. तिचे एक टोक मॉनिटरच्या निळ्या तोंडात असे चपखल बसले की जणू त्याच्यासाठीच घडवले असावे. दुसऱ्या टोकाला एचडीएमआयची केबल लावून ती लॅपटॉपला जोडली. सर्व सांधे जुळले होते. पडद्यावर मात्र ‘नो सिग्नल’ हे दोन शब्द इकडून तिकडे तरंगत राहिले, आणि थोड्या वेळाने मॉनिटर झोपी गेला.

दोन दिवस मी केबल काढीत आणि लावीत होतो. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एका दुकानातील, मिसरूड नुकतेच फुटलेल्या मुलाने ती वस्तू हातात घेतली, क्षणभर फिरवून पाहिली आणि म्हणाला, “काका, हे उलटं आहे. जुन्या सीपीयूवरनं नव्या टीव्हीला जायचं असंल तर हे. तुम्हाला लॅपटॉपवरनं जुन्या मॉनिटरला जायचंय ना? त्याला दुसरं लागतं.”

या ‘उलटं आहे’मध्ये सगळ्या प्रकरणाचे मर्म आहे. दख्खनच्या सुलतानी अमलातील पुष्कळशा फर्मानांत वर फारसी मजकूर आणि खाली त्याचाच मराठी तर्जुमा असे. हुकूम सोडणाऱ्याची भाषा एक, तो पाळणाऱ्या पाटील-कुळकर्ण्यांची भाषा दुसरी, आणि मध्ये बसलेल्या मुनशी-चिटणिसावर कारभार चाले. निजामशाहीची राजधानी असलेल्या आमच्या शहराला हा मामला नवा नव्हे. आता अशी कल्पना करावी की त्या दरबारी एक दुभाषी असा आहे, की जो फारसी ऐकून मराठी सांगतो, पण मराठी ऐकून फारसी मात्र त्याला मुळीच सांगता येत नाही. आणि दुसरा नेमका त्याच्या उलट. कन्व्हर्टर ही वस्तू अशीच एकमार्गी असते. ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ आणि ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ या दोन निरनिराळ्या जिनसा आहेत, दिसायला सख्ख्या बहिणी वाटल्या तरी. आणि मी दोन दिवस चुकीच्या दुभाष्यासमोर हात जोडून बसलो होतो.

दोन भाषांतील भेद कोणता, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. व्हीजीए ही पद्धत आयबीएम कंपनीने 1987 साली आपल्या पीएस-टू संगणकांबरोबर आणली, आणि ती जन्मली त्या काळातील पडदा म्हणजे काचेची अवजड नळी, ज्याला आपल्याकडे पुढे ‘डबा मॉनिटर’ म्हणू लागले. त्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे व वरून खाली, शेत नांगरावे तसा, ओळीमागून ओळ फिरत असे, आणि सेकंदाला 60 वेळा किंवा अधिक वेळा सबंध पडदा पालथा घालीत असे. त्याला हवे होते ते एवढेच: या क्षणी तांबडा किती, हिरवा किती, निळा किती, आणि ओळ कोठे संपली व पान कोठे संपले. म्हणून व्हीजीएच्या 15 पिनांपैकी तीन पिना तीन रंगांचे विद्युद्दाब वाहतात, शून्य व्होल्ट म्हणजे काळोख आणि 0.7 व्होल्ट म्हणजे त्या रंगाची परिपूर्णता. आणखी दोन पिना ओळीचा व पानाचा इशारा देतात. हा सारा व्यवहार लहरींचा, चढउतारांचा आहे, तंबोऱ्याच्या तारेसारखा. उलट डीव्हीआय (1999), एचडीएमआय (2002) व डिस्प्लेपोर्ट (2006) या पुढच्या पिढीच्या पद्धती प्रत्येक ठिपक्याचा रंग आकड्यांत लिहून पाठवतात, रोजकीर्दीतल्या नोंदीसारखा. लहर आणि आकडा यांच्यामध्ये नुसती तार जोडून काही होत नाही. आकडे वाचून त्यांचे विद्युद्दाब बनवणारी एक चिप मध्ये असावीच लागते, आणि ती त्या इवल्याशा कन्व्हर्टरच्या पोटात बसवलेली असते.

यातली गंमत पुढेच आहे. माझा चौकोनी मॉनिटर काही डबा नव्हे. तो सपाट, एलसीडीचा. त्याच्या पडद्यावर आडवे 1280 व उभे 1024 असे 13 लाख 10 हजार 720 ठिपके पक्के कोरलेले आहेत, आणि त्याचा अंतर्गत कारभार संपूर्णपणे आकड्यांतच चालतो. म्हणजे लॅपटॉप आकडे पाठवतो, कन्व्हर्टर त्यांच्या लहरी करतो, केबलमधून लहरी जातात, आणि मॉनिटर त्या लहरी मोजून त्यांचे पुन्हा आकडे करतो! एखाद्याने मराठी पत्र फारसीत करवून घ्यावे, आणि ते पोहोचल्यावर पुन्हा मराठीत करवून वाचावे, तसा हा द्राविडी प्राणायाम सेकंदाला 10 कोटी 80 लाख ठिपक्यांच्या ठेक्यावर चाललेला असतो. एवढ्या घाईत मोजणीचा क्षण केसभर इकडे-तिकडे झाला की अक्षरांच्या कडा थरथरतात, मजकुराला सावली येते किंवा सबंध चित्र बोटभर डावीकडे सरकते. योग्य दिशेचा कन्व्हर्टर आणून जोडल्यावर माझे तेच झाले. ‘मॉनिटर म्हातारा झाला’ असा निष्कर्ष मी काढणार होतो. पण त्याच्या कपाळपट्टीखाली ‘ऑटो’ असे लिहिलेले एक बटण वर्षानुवर्षे स्वस्थ बसून होते, ते दाबताच दोन-तीन सेकंद चित्र हेलकावले आणि अक्षरे जागच्या जागी उभी राहिली. ज्यांच्या घरी निळ्या तोंडाचा सपाट मॉनिटर आहे त्यांनी हे बटण आधी शोधावे. पडद्यावर पांढऱ्या पानावरचा काळा मजकूर उघडा ठेवून ते दाबले तर नेम अधिक चांगला बसतो.

येथे एक पाऊल मागे येऊन हेही सांगितले पाहिजे, की या साऱ्या दुभाषेगिरीची गरज कित्येकदा नसतेच. पुष्कळ जुन्या मॉनिटरांना निळ्या तोंडाशेजारी एक पांढरे, रुंद तोंडही असते, ते डीव्हीआयचे. निळा आणि पांढरा हे रंग त्या उद्योगाने 1999च्या सुमारास संकेत म्हणून ठरवून घेतले होते, म्हणून त्यावर बऱ्यापैकी विसंबता येते. डीव्हीआय आणि एचडीएमआय यांची चित्रापुरती बोली एकच असल्यामुळे त्यांच्यामध्ये चिप लागत नाही, एक साधी केबल पुरते, आणि चित्र तर लखलखीत येते. माझ्या मॉनिटरला पांढरे तोंड नाही. तुमच्या मॉनिटरला असेल, तर हा लेख येथेच खाली ठेवण्यास हरकत नाही.

उरलेल्यांसाठी पिनांची हकीकत. निळ्या केबलच्या 15 पिनांतील बारावी आणि पंधरावी या दोन पिनांवरून मॉनिटर संगणकाला आपली कैफियत सादर करतो: मी कोण, माझे ठिपके किती, सेकंदाला किती वेळा चित्र बदललेले मला सोसते. 128 बाइटांचा हा दाखला पोहोचला नाही, तर संगणक सावधपणा म्हणून काहीतरी मध्यम प्रतीचे चित्र पाठवतो आणि सगळे ओबडधोबड दिसू लागते. मग मालक मॉनिटरला दोष देतो. दोष असतो स्वस्त केबलचा, जिच्यात या पिना जोडलेल्याच नसतात, किंवा वाकलेल्या एका पिनेचा. वाकलेली पिन बारीक चिमट्याने हलकेच सरळ करता येते. मात्र नववी पिन मुळातच नसलेली केबल पाहून घाबरून जाऊ नये. तशा केबली पूर्वीपासून बनत आल्या आहेत आणि त्या चालतात.

ही निळी केबल बाजारातून गेली तरी का, असा प्रश्न मनात येतो. 2010 सालच्या डिसेंबरात इंटेल, एएमडी, डेल, लेनोव्हो, सॅमसंग आणि एलजी या कंपन्यांनी मिळून जाहीर केले की 2015पर्यंत आपण व्हीजीएला रजा देणार. आणि लॅपटॉप पातळ करण्याची जी चढाओढ लागली होती तिच्यात त्या रुंद तोंडाला जागाही उरली नव्हती. कंपन्यांच्या हिशेबी हा निर्णय रास्तच असेल. परंतु आमच्या जिल्ह्याच्या चौदा तालुक्यांचा हिशेब निराळा आहे. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन 2001 साली स्थापन झाले, एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्याच्या गावोगावी निघाले, अकोल्यापासून जामखेडपर्यंत एक पिढी डबा मॉनिटरांसमोर आणि मग चौकोनी मॉनिटरांसमोर बसून माऊस धरायला शिकली. शाळांच्या भिंतींवर प्रोजेक्टर आले तेही निळ्या तोंडाचे. ही सामग्री कोणा कंपनीच्या जाहीरनाम्याने एका रात्रीत निकालात निघत नाही. ती माळ्यावर जाते, आणि गरज लागली की खाली उतरते.

टाइप-सीबद्दल थोडक्यात. 2014 साली ठरलेल्या या छिद्राचा आकार सर्वत्र एकच. गुण मात्र एकच नाहीत. काहींतून चित्र जाते, काहींतून नुसता विदा आणि चार्जिंग. छिद्राशेजारी डिस्प्लेपोर्टची डी-पी जुळलेली खूण किंवा विजेची बाणाकृती खूण असेल तर चित्र जाण्याचा भरवसा धरावा. नसेल तर मॉडेलची माहितीपत्रिका पाहूनच पैसे मोजावेत. माझ्या लॅपटॉपच्या दोन छिद्रांपैकी एकातूनच चित्र जाते. दोन्ही दिसायला जुळी!

गाठ पडल्यानंतरचे सोपस्कार किरकोळ आहेत. विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबली की चार पर्याय येतात. त्यातील ‘डुप्लिकेट’ निवडला तर लॅपटॉपचा लांबट पडदा चौकोनी मॉनिटरवर कोंबला जाऊन माणसे उंच आणि किडकिडीत दिसतात, म्हणून ‘एक्स्टेंड’ घ्यावे व मॉनिटरला त्याच्या स्वतःच्या मापाचे चित्र द्यावे. निळ्या केबलमधून आवाज जात नाही. तो लॅपटॉपमधूनच ऐकावा, किंवा कन्व्हर्टरला हेडफोनचे छिद्र असेल तर तेथून काढावा. सिनेमे दाखवणाऱ्या काही सेवा अशा जुन्या वाटेने चित्र पाठवण्यास नकार देतात आणि पडदा काळा राहतो. तो त्यांचा बंदोबस्त आहे, आपला बिघाड नव्हे. आणि कन्व्हर्टर आखूड शेपटीचा घ्यावा. सरळ ठोकळ्यासारखा घेतला तर जाड निळ्या केबलचे सगळे ओझे लॅपटॉपच्या नाजूक फटीवर येते.

मॉनिटर सुरू होताना लुकलुकत असेल तर बहुधा त्याच्या वीजपुरवठ्याच्या पाटीवरील कॅपॅसिटर फुगलेले असतात, आणि ते बदलणे हे गावच्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्यालाही जमते. डबा मॉनिटर मात्र आता परत जोडू नये, असे माझे मत आहे; विजेचा खर्च दुपटीहून अधिक, आणि त्याच्या काचेत शिसे. तो भंगारवाल्याकडेही देऊ नये. जुन्या सपाट मॉनिटरच्या प्रकाशनळ्यांतही पारा असतो. 2022 चे ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून अमलात आहेत आणि अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच गेल्या पाहिजेत.

बाकीच्यांनी बाजारात जाण्यापूर्वी दोन्ही तोंडांचे फोटो मोबाइलमध्ये काढून न्यावेत, आणि दुकानदाराला ‘कन्व्हर्टर द्या’ एवढेच न सांगता ‘लॅपटॉपवरून निघून मॉनिटरला जायचे आहे’ असे दिशेसह सांगावे. माझा तो पहिला, उलटा कन्व्हर्टर अद्याप टेबलाच्या खणात पडून आहे. कोणाकडे निळ्या तोंडाचा जुना सीपीयू आणि नवा टीव्ही असेल, तर त्याने तो खुशाल येऊन घेऊन जावा.