पांढरी साडी आणि काळा पडलेला चेहरा

आमच्या घरी लोखंडी पेटीत एक कॅमेरा आहे. झेनिट-ई, रशियन बनावटीचा. हातात घेतला तर वरवंटा उचलल्यासारखा जड. १९८२ च्या गिरणी संपात अण्णांचा पगार थांबला, तेव्हा त्यांनी तो कुणाकडून तरी जुनाच विकत घेतला होता. लग्ने, नामकरणे, जयंतीचे कार्यक्रम यांचे फोटो काढून चार पैसे सुटतील ही आशा. थोडेफार सुटलेही.

१९८६ च्या बुद्धजयंतीला अण्णांनी आपल्या आईचा, म्हणजे आमच्या आजीचा फोटो काढला. भर दुपारची वेळ. विहाराच्या पायरीवर आजी नवी पांढरी साडी नेसून उभी. रोल धुऊन आला तेव्हा साडीची घडी न् घडी दिसत होती आणि चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग. अण्णांनी स्टुडिओवाल्याला विचारले. तो म्हणाला, "माणूसच काळं आहे, त्याला कॅमेरा काय करणार?" अण्णा काही न बोलता घरी आले. आजीने फोटो हातात घेतला, खिडकीकडे धरून पाहिला आणि म्हणाली, "यात मी तर दिसतच न्हाई की रं." त्यानंतर ती कधी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही. तीन वर्षांनी ती गेली. तिचा तेवढा एकच फोटो आमच्याकडे आहे.

वाचकहो, असा एखादा फोटो आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. आम्हीही बरीच वर्षे त्या स्टुडिओवाल्याचेच खरे धरून चाललो होतो. खोट कशात होती हे आम्हाला फार उशिरा कळले.

जुन्या हाताच्या कॅमेऱ्यात प्रकाश ठरवणाऱ्या दोन गोष्टी असतात. शटर किती वेळ उघडायचे ही एक आणि भिंगाचे भोक किती मोठे ठेवायचे ही दुसरी. भोकाचे आकडे २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढत जातात आणि दर आकड्याला प्रकाश निम्मा होतो. हे ठरवायला मदत म्हणून कॅमेऱ्यावर मीटर असते. झेनिटच्या मीटरला बॅटरी लागत नाही. सेलेनियमच्या पत्र्यावर उजेड पडला की काटा हलतो. पण या मीटरला समोर माणूस आहे की भिंत हे कळत नाही. समोरचे सगळे मिळून मध्यम करड्या रंगाचे आहे, एवढेच ते धरून चालते. समोर मे महिन्याच्या उन्हात झळाळणारी पांढरी साडी आली की त्याला वाटते, उजेड फार झाला. काटा सांगतो, भोक लहान करा. अण्णांनी काट्याचे ऐकले. साडी नेमकी आली आणि चेहऱ्याच्या वाट्याला प्रकाशच उरला नाही. त्यातून ऊन डोक्यावर, म्हणजे डोळ्यांच्या खोबणीत सावली. आपल्या सणासमारंभाला आपण सगळेच पांढरे नेसतो, तेव्हा हा घोटाळा आपल्याकडे किती घरांत झाला असेल याचा विचार करावा.

रंगीत फोटोंच्या बाबतीत तर गोष्ट याहून पुढची आहे. अमेरिकेत कोडॅक कंपनी लॅबवाल्यांना रंग जुळवण्यासाठी नमुन्याचा फोटो पाठवीत असे. तो गोऱ्या बाईचा असे. पहिल्या बाईच्या नावावरून त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिची कातडी नीट आली की यंत्र बरोबर. कॅनडातील अभ्यासिका लोर्ना रॉथ यांनी २००९ साली यावर लिहिले आहे. काळ्यासावळ्या छटा नीट उतरत नाहीत अशी तक्रार कंपनीला चॉकलेट आणि लाकडी सामानाच्या जाहिराती करणाऱ्यांकडूनही आली, असे त्यांना तिथल्या जुन्या माणसांशी बोलताना समजले. चॉकलेटचीसुद्धा तक्रार गेली म्हणायची!

मग काळ्या चेहऱ्याचा चांगला फोटो त्या काळी निघतच नव्हता काय? निघत होता. गॉर्डन पार्क्स हा काळा अमेरिकन तरुण रेल्वेच्या डब्यात वेटर होता. १९३७ च्या सुमारास त्याने गहाणवटीच्या दुकानातून एक जुना कॅमेरा घेतला. १९४२ साली त्याने वॉशिंग्टनमध्ये सरकारी कचेरीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन या काळ्या बाईंचा फोटो काढला. एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला फरशी पुसायचा दांडा आणि मागे अमेरिकेचा झेंडा. बाईंच्या चेहऱ्यावरचा थकवा आणि करारीपणा दोन्ही स्पष्ट दिसतात. ना मोबाईल, ना संगणक. काढणाऱ्याला चेहऱ्याची किंमत होती, एवढाच फरक.

आमच्या पुतण्याने दोन वर्षांपूर्वी पेटीतून झेनिट बाहेर काढला. पोरगा आयटीआयला शिकतो, हाताने उघडून पाहायची खोड आहे. आजीची निगेटिव्ह त्याला पाकिटात सापडली. ओळखीचे एक म्हातारे फोटोग्राफर आहेत, त्यांच्या माळ्यावर अजून एनलार्जर आहे. त्यांनी निगेटिव्ह उजेडाकडे धरली आणि मान हलवली. चेहऱ्याच्या जागी फिल्म जवळजवळ काचेसारखी कोरी होती. तरी त्यांनी कडक कागदावर, चेहऱ्यावर हात धरून, साडीला जास्त वेळ देऊन चार प्रिंट काढून पाहिल्या. कपाळाच्या सुरकुत्या आल्या, नाकाचा शेंडा आला, एका गालाचे हाड आले. हनुवटीवरचे गोंदण काही आले नाही. म्हातारबाबा म्हणाले, "फिल्मवर जे उतरलंच नाही, ते मी कुठून आणू?" आम्ही त्या प्रिंट घेऊन आलो. अण्णा असते तर त्यांना दाखवल्या असत्या की नाही, हे आमचे आम्हालाच सांगता येत नाही.

पुढच्या बुद्धजयंतीला पुतण्याने आमच्या आईचा फोटो काढायचे ठरवले. आईही पांढरीच साडी नेसणार. झेनिटचे मीटर आता म्हातारे झाले, काटा मनाला येईल तसा हलतो. म्हणून त्याने जुना १६ चा नियम धरला. कडक उन्हात भोक १६ वर आणि शटर फिल्मच्या आकड्याजवळचे. फिल्म ४०० ची, म्हणून शटर ५०० वर. मोकळ्या सावलीत भोक ४ वर. आईला त्याने उन्हातून उठवून दाराच्या सावलीत बसवले आणि चेहऱ्यासाठी शटर ५०० वरून २५० वर आणले, म्हणजे प्रकाश दुप्पट. मीटर चांगले असेल तर कॅमेरा चेहऱ्याजवळ नेऊन मोजावे, नाहीतर त्याच उजेडात आपल्या तळहातावर मोजून भोक एक घर जास्त उघडावे. निगेटिव्ह फिल्मला प्रकाश थोडा जास्त झालेला सोसतो, कमी झालेला सोसत नाही.

पूर्वी उटीच्या सरकारी कारखान्याची इंदू फिल्म मिळे. तो कारखाना बंद पडला. आता इंग्लंडची इलफोर्ड घ्यावी लागते आणि एका रोलच्या पैशात घरात आठवड्याची भाजी येते. म्हणून ३६ फोटोंतला प्रत्येक जपूनच काढायचा.

रोल त्याने मोरीतच धुतला. रात्री दिवे घालवून, दाराच्या फटीला गोधडी लावून, अंधारात चाचपडत फिल्म चकरीवर चढवली आणि टाकीत बंद केली. सिनेमात दाखवतात तो लाल दिवा कागदासाठी, या फिल्मला तोही चालत नाही. हे चढवणे आधी खराब रोलवर उजेडात दहा वेळा करून पाहावे. डी-७६ हे औषध २० अंशांवर साडेसात मिनिटे. आपल्याकडे मे महिन्यात नळाचे पाणीच तिशीच्या वर, तेव्हा बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून थंड करावी लागली. दर मिनिटाला टाकी उलटीसुलटी करायची. मग साधे पाणी, मग हायपो, मग नळाखाली भरपूर धुणे. यासाठी वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकात घ्यायचे नाही. आमच्या वहिनींनी चहाचे एक पातेले गमावले ते याच भानगडीत.

अकराच्या सुमारास ओली फिल्म कपड्यांच्या दोरीवर चिमटा लावून टांगली. आई झोपली नव्हती. चष्मा लावून ती पुढे आली आणि दिव्याकडे तोंड करून एकेक चौकोन पाहू लागली. निगेटिव्हवर सगळे उलटे असते हे तिला कुणी सांगितले नव्हते.

"अगं बाई," ती म्हणाली, "साडी काळी न् मीच गोरी!"

पुतण्या हसत सुटला. मग त्याने तिला हनुवटीपाशी बोट दाखवले. तिथे तीन बारीक पांढरे ठिपके होते. आईचे गोंदण.