किल्लेकोट, एन पासाँ आणि बढती : नवोदितांना चकवणाऱ्या तीन चाली

घरातील वडीलधाऱ्यांकडून बुद्धिबळ शिकलेला खेळाडू पहिल्या स्पर्धेत उतरतो, तेव्हा त्याला अनेकदा नियमच अडवतात. जुन्या देशी पद्धतीत प्यादे एकच घर चालते, राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येते आणि शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे त्या पट्टीतील मोहरा बनते. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजेच ‘फिडे’च्या नियमांत यापैकी काहीच चालत नाही. दीर्घ वेळेच्या डावात नियमबाह्य चाल पूर्ण केल्यास प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे जादा मिळतात. दुसऱ्यांदा तसे घडल्यास बहुधा डावच गमवावा लागतो.

पहिली चाल किल्लेकोटाची. राजा हत्तीच्या दिशेने दोन घरे सरकतो आणि हत्ती त्याला ओलांडून पलीकडच्या घरात बसतो. त्यासाठी दोघेही आधी हललेले नसावेत व मधली घरे मोकळी असावीत. राजाला शह असताना, शहाखालच्या घरातून जाऊन किंवा तशा घरात पोहोचून किल्लेकोट करता येत नाही. हत्तीवर मारा असला तरी मात्र हरकत नाही. हात प्रथम राजालाच लावावा. आधी हत्तीला लावल्यास त्या खेपेस त्या बाजूचा किल्लेकोट करता येत नाही आणि हत्तीची चाल शक्य असेल तर तीच करावी लागते.

दुसरी चाल ‘एन पासाँ’, अर्थात जाता जाता मारणे. युरोपात पंधराव्या शतकाच्या सुमारास प्याद्याला पहिल्या खेपेस दोन घरांची मुभा मिळाली. या मुभेमुळे ते शत्रूच्या प्याद्याचा मारा चुकवू लागले. त्यावरील उतारा हा नियम. पांढरे प्यादे पाचव्या ओळीत असताना शेजारच्या पट्टीतील काळे प्यादे दोन घरे उडी घेऊन त्याच्या बाजूला आले, तर ते एकच घर चालले असे समजून मारता येते. पांढरे प्यादे तिरके सहाव्या ओळीत जाते. हा हक्क लगेचच्या चालीपुरताच असतो.

तिसरी चाल बढतीची. शेवटच्या ओळीत पोहोचलेल्या प्याद्याचा वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा करता येतो. पहिला वजीर पटावर असला तरी दुसरा घेता येतो. उलटा ठेवलेला हत्ती मात्र वजीर ठरत नाही, तो हत्तीच मानला जातो. वजीर हाताशी नसल्यास घड्याळ थांबवून पंचांकडे मागावा.

वजीर घेणे नेहमीच हिताचे असते असेही नाही. १८९५ मध्ये ग्लासगो येथील एका वृत्तपत्रात बरोबरीची म्हणून छापलेली स्थिती फर्नांडो साव्हेद्रा या धर्मगुरूने जिंकून दाखवली. वजीर घेतल्यास काळ्याच्या राजाची कोंडी होऊन डाव बरोबरीत सुटत होता. हत्ती घेताच विजय निश्चित झाला.

नवोदितांनी स्पर्धेपूर्वी या तिन्ही स्थिती पटावर मांडून प्रत्येक चाल दोन्ही बाजूंनी करून पाहावी. शंका उरल्यास फेरी सुरू होण्याआधीच पंचांना विचारावे.