बंद शाळा आणि उघडी पेढी

एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला की आमच्या बेळगावच्या बाजारपेठेत दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. लग्नसराई आणि उन्हाळी बेगमी यांमुळे डाळी, मिरची, गूळ यांच्या दुकानी पाऊल ठेवण्यास जागा उरत नाही. आणि त्याच सुमारास कर्नाटकातील शाळांना सुट्टी लागून घराघरांतील मुले मोकळी होतात. वडीलधारी माणसे व्यापारात बुडालेली आणि मुले मात्र कोणाच्याच हिशेबात नाहीत, अशी ही स्थिती मेअखेरपर्यंत टिकते.

हा प्रश्न पूर्वी आम्हांस फारसा भेडसावत नसे. सुट्टी ही खेळण्यासाठीच, असे आम्हीही मानीत आलो आणि आजही मानतो. परंतु २०२० च्या मार्चमध्ये शाळांची दारे जी बंद झाली, ती सहावी ते आठवीच्या मुलांसाठी आमच्या राज्यात २०२१ च्या सप्टेंबरपर्यंत, मधले थोडके दिवस सोडता, नीटशी उघडली नाहीत. त्या प्रदीर्घ खंडाने आम्हांस जो धडा शिकविला तो दर वर्षीच्या सुट्टीसही लागू पडतो, अशी आमची खात्री झाली आहे. तो सभासद बंधू-भगिनींपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

अकरा ते चौदा या वयाचीच चिंता का करावी, असे कोणी विचारील. पहिली-दुसरीच्या मुलाजवळ आई बसते. दहावीच्या मुलामागे परीक्षेचा धाक असतो. मधल्या मुलास दोन्ही नाहीत. आणि नेमक्या याच वर्षांत अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर, शेकडेवारी आणि बीजगणिताचा श्रीगणेशा हे सारे येते. येथे पाया कच्चा राहिला तर पुढील इमारत डोळ्यांस उभी दिसते, परंतु भार सोसत नाही.

शासनाने आणि संस्थांनी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्रात २०२० च्या जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. कर्नाटकात त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘विद्यागम’ योजना आली. शिक्षक गावोगावी जाऊन देवळाच्या आवारात, झाडाखाली मुलांचे छोटे गट शिकवू लागले. संसर्गाच्या भीतीने ऑक्टोबरमध्ये ती थांबवावी लागली आणि २०२१ च्या जानेवारीत पुन्हा सुरू झाली. आमच्या सीमाभागातील मराठी माध्यमाच्या मुलांची अडचण मात्र निराळीच होती. ‘टिलीमिली’ची भाषा त्यांची, पण ती बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेली, आणि यांच्या दप्तरात कर्नाटक शासनाची मराठी पुस्तके. भाषा जुळे तेथे पाठ जुळेना.

आता आमच्याच घरची एक हकीकत सांगतो. आमच्या पुतण्याचा मुलगा तेव्हा सातवीत होता. रोज सकाळी मोबाईल तांदळाच्या पोत्यावर उभा करून तो वर्गास बसे, हजेरी लागे, घरचे निश्चिंत होत. सहा महिने याप्रमाणे गेले. त्याच्या शाळेस आम्ही दोष देत नाही. पडद्यापलीकडून मुलाचे मन कोठे आहे हे गुरुजींस कसे दिसावे? परंतु आम्ही तर त्याच्यापासून चार हातांवर गल्ल्यावर बसलो होतो, आणि आम्हांसही ते दिसले नाही.

एके दिवशी सहज विचारले, “पन्नास किलोचे डाळीचे पोते साडेतीन हजारांस पडले, तर किलो कितीस पडली?”

“सत्तर रुपयांस, आजोबा.”

“आणि गाडीभाडे, हमाली मिळून पोत्यामागे पन्नास रुपये लागले, ते कोणी द्यायचे?”

“मग एकाहत्तर.”

“अरे, पण पोत्यातून पन्नास किलो डाळ विकली जाते का? घट किती जाते ते मापाड्यास विचारून ये.”

तो विचारून आला. पोत्यामागे अर्धा किलो. म्हणजे ३,५५० रुपयांस साडेएकोणपन्नास किलोंनी भागावयाचे. मुलगा तेथेच अडला. दशांशाचा भागाकार त्या वर्षी वर्गात होऊन गेला होता. हजेरीपटावर तो त्या दिवशी हजर होता. आणि त्यास तो भागाकार येत नव्हता. आम्ही उत्तर सांगितले नाही. रोज सकाळी अर्धा तास त्याच्याजवळ बसलो मात्र. चौथ्या दिवशी तो वही घेऊन धावत आला. “आजोबा, एकाहत्तर रुपये बहात्तर पैसे! म्हणजे साडेएकाहत्तरने विकली तर पोत्यामागे पावणेअकरा रुपये तोटा!”

त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद त्या दिवशी दिसला, तो सहा महिन्यांत एकदाही दिसला नव्हता. आम्हांस मात्र आनंदाबरोबर लाजही वाटली. मालाची घट आम्ही दररोज तपासतो. मुलाच्या विद्येची घट सहा महिने तपासली नाही!

ही एका घरची गोष्ट नव्हे. ग्रामीण भारतातील मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या अहवालानुसार दुसरीचा उतारा वाचता येणाऱ्या आठवीतील मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये शेकडा ७३ होते, ते २०२२ मध्ये ६९.६ वर आले. आणि भागाकार येणारी आठवीतील मुले? दोन्ही वर्षी शेकडा ४५ च्या आतच. म्हणजे दुखणे महामारीपूर्वीचेच आहे. बंद शाळांनी त्यावरचे पांघरूण काढले. अमेरिकेत हॅरिस कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली उन्हाळी सुट्टीविषयीच्या ३९ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा सरासरीने सुमारे एका महिन्याच्या शिक्षणाइतकी घट आढळली. आणि ती वाचनापेक्षा गणितात अधिक होती. कारण उघड आहे. दुकानाच्या पाट्या, वर्तमानपत्र, पत्रिका यांमुळे अक्षर डोळ्यांसमोरून जातच राहते. आकडेमोड मात्र कोणी करावयास लावल्यावाचून होत नाही.

आणि येथेच आमच्या व्यापारी समाजाचे भाग्य आहे. शाळेचे गणित काल्पनिक असते. पेढीचे गणित खरे असते. नवव्या शतकात राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळी महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने १९६३ साली तो हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. अपूर्णांक, त्रैराशिक, व्याज, क्षेत्रफळ, सावलीवरून मापन हे त्यातील विषय आजच्या सहावी ते आठवीच्या पुस्तकांशी किती जवळचे आहेत, हे पाहून नवल वाटते. आमच्या वडिलांच्या पिढीने पावकी-निमकी तोंडपाठ केली होती. आणि १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो आले, तेव्हा याच लोकांनी चाळिशी-पन्नाशीत नवा हिशेब आत्मसात केला. कोणता वर्ग त्यांस होता? गिऱ्हाईक समोर उभे होते, हाच त्यांचा वर्ग.

मात्र येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. मुलास गल्ल्यावर बसविणे म्हणजे शिकविणे नव्हे. बंदीच्या काळात “शाळा तर बंदच आहे, दुकानात मदत करू दे” असे म्हणून बसविलेली काही मुले पुढे शाळेत परतलीच नाहीत, हे आम्ही आमच्याच पेठेत पाहिले. तसेच काही मुली धाकट्या भावंडांस सांभाळता सांभाळता स्वयंपाकघरातच राहिल्या. २०१६ च्या सुधारित कायद्याने चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास मनाई आहे. घरच्या, धोका नसलेल्या व्यवसायात शाळेच्या वेळेनंतर वा सुट्टीत हातभार लावण्याची मुभा आहे, तीही शिक्षणास बाधा न येईल अशा बेताने. कायद्याचे राहू द्या. आमची कसोटी साधी आहे. मुलाने पुडी बांधली, ती मजुरी. पुडीचा हिशेब लिहिला, ताळा करून पाहिला आणि चूक स्वतः शोधली, ते शिक्षण. दिवसाकाठी एक तास, एक वही आणि एक खरा प्रश्न, यापलीकडे त्याच्यावर भार टाकू नये.

भाषेचेही असेच. सीमाभागातील मुलाच्या वाट्यास मराठी, कन्नड, हिंदी व इंग्रजी अशा चार भाषा येतात. सुट्टीत त्याच्याकडून भावफलक मराठीत आणि कन्नडमध्ये लिहवून घ्यावा. इंदूरच्या मावशीस, हैदराबादच्या काकांस महिन्यातून एक पत्र, खरोखरीचे, पोस्टाचे, लिहवावे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून याच वयासाठी निघत आहे आणि त्याचे जुने अंक संगणकावर विनामूल्य वाचता येतात. मोबाईल द्यावयाचाच तर अशा वाचनासाठी द्यावा, आणि वाचून झाल्यावर “काय वाचलेस?” हे जेवताना विचारावे. जे कोणी विचारणार नाही ते मूल वाचत नाही.

विज्ञानासाठी प्रयोगशाळा हवी, हाही एक भ्रम आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा माध्यमिक-पूर्व शाळांतून एक प्रयोग सुरू झाला. सहावी ते आठवीच्या मुलांनी पाठांतर न करता, आसपास मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंनी स्वतः प्रयोग करून शिकावे, असा तो उपक्रम होता. तो २००२ पर्यंत चालला आणि त्याच्या परीक्षेत पुस्तक उघडून उत्तर लिहिण्याची मोकळीक असे. त्याच धर्तीवर आमच्या समाजास साजेसा एक प्रयोग सुचवितो. अंगणात एक सरळ काठी रोवावी आणि दुपारी तिची सावली रोज मोजून लिहावी. बेळगावात मेच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी, साडेबाराच्या सुमारास, ती सावली नाहीशी होते. हैदराबादेस हा दिवस त्यानंतर काही दिवसांनी येतो, बडोद्यास जूनच्या आरंभी. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्याने तेथे तो कधीच येत नाही. आमचे आप्त या सर्व गावी विखुरलेले आहेत. चार गावच्या चार भावंडांनी आपापली सावली मोजून फोनवरून एकमेकांस कळविली, तर पृथ्वीचा कलता आस त्यांस जन्मभर विसरता येणार नाही. दूर राहून शिकणे म्हणतात ते याहून निराळे काय?

शेवटी, ज्यांच्या घरी असा फोन नव्हता त्यांचे काय? ‘असर’च्याच २०२० च्या पाहणीत ग्रामीण विद्यार्थ्यांपैकी शेकडा ६२ च्या घरी स्मार्टफोन आढळला, म्हणजे शेकडा ३८ घरी तो नव्हताच. आमच्या पेढीवरील हमाल, मापाडी, दिवाणजी यांची मुले त्यांतलीच. आमच्या नातवाची घट आमच्या लक्षात तरी आली. त्यांच्या मुलांची कोणी तपासली? २०२१ च्या उन्हाळ्यानंतर आम्ही माडीवरची गोदामाची खोली झाडून घेतली आणि सकाळी सात ते साडेआठ तेथे सतरंजी अंथरली. एक निवृत्त गुरुजी आनंदाने येऊ लागले. मालकाचा नातू आणि हमालाची मुलगी एकाच सतरंजीवर बसले. आणि सांगावयास संतोष वाटतो की दशांशाच्या भागाकारात तिने त्यास पहिल्याच आठवड्यात मागे टाकले. आमचा नातू त्यानंतर अधिक कसून अभ्यास करू लागला, हा आम्हांस झालेला नफा.

आमच्या मंडळाचे सभासद पेठेच्या प्रत्येक गल्लीत आहेत. प्रत्येक गल्लीत एक मोकळी खोली, एक सतरंजी, एक फळा आणि उन्हाळ्याच्या सहा आठवड्यांत रोज दीड तास, इतके आम्हांस अशक्य आहे काय? खर्च एका लग्नाच्या रोषणाईइतकाही नाही.

दिवाळीस आपण वहीपूजन करतो आणि सालाचा ताळेबंद मांडतो. त्या ताळेबंदात यंदापासून एक ओळ वाढवावी, अशी आमची नम्र विनंती आहे: घरातील आणि पेढीवरील अकरा ते चौदा वर्षांचे प्रत्येक मूल या वर्षी काय नवे शिकले? ती ओळ कोरी राहिली, तर उरलेल्या वहीतील नफा कितीही मोठा असो, आम्ही तो खरा धरणार नाही.